सप्तमीतला राजा : सातवाहन कन्ह आणि वारशाची तीन व्याकरणे

सातवाहनांचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या मनात दोन-तीन नावे ठळकपणे उभी राहतात. नहपानाचा उच्छेद करणारा गौतमीपुत्र सातकर्णी, 'गाथासप्तशती'चा संग्राहक म्हणून परंपरेने मानलेला हाल आणि नाणेघाटच्या लेखामुळे परिचित झालेली नागनिका. या साऱ्यांच्या मागे, वंशाच्या अगदी आरंभी, आणखी एक राजा आहे. कोरीव लेखात त्याचे नाव 'कन्ह' असे येते. पुराणांनी त्याला 'कृष्ण' म्हटले. तो या घराण्याचा दुसरा राजा. परीक्षेच्या टिपणांत त्याच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण गादीवर आला आणि त्याच्यानंतर पहिला सातकर्णी.

ही ओळ दिसायला निरुपद्रवी आहे. परंतु तिच्यातला प्रत्येक शब्द वेगवेगळ्या ठिकाणाहून गोळा केलेला आहे. 'राजा' हा शब्द नाशिकच्या लेण्यातून आला, 'भाऊ' हा पुराणातून, आणि 'त्याच्यानंतर' या शब्दात नेमके कोणते नाते दडले आहे याविषयी नाणेघाटच्या गुंफेने मौन पाळले आहे. आम्ही साहित्याचे अध्यापक. पुरातत्त्व हे आमचे क्षेत्र नव्हे. तरीही कन्हाच्या या प्रकरणाकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते, कारण येथे इतिहासाचा प्रश्न पाहता पाहता वाचनाचा प्रश्न होतो. तीन संहिता आहेत, तिघींचे व्याकरण वेगळे आहे, आणि त्या व्याकरणातच त्या राजाचे भवितव्य ठरले आहे.

पहिली संहिता : नाशिक

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो त्या समूहातील, एकोणिसाव्या क्रमांकाचे लेणे हा एक लहानसा विहार आहे. या समूहातील सर्वांत जुन्या लेण्यांत त्याची गणना होते. शेजारच्या चैत्यगृहाच्या मानाने त्याचा डामडौल काहीच नाही. त्याच्या जाळीदार खिडकीच्या वरच्या भागावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक छोटा लेख कोरलेला आहे. त्याचा आशय इतकाच : सातवाहन कुळातील कन्ह राजा असताना नाशिकच्या, श्रमणांच्या कामाशी संबंधित असलेल्या महामात्राने हे लेणे करविले.

कन्हाविषयीचा समकालीन पुरावा म्हणून आपल्या हाती आहे तो एवढाच. लेख राजाचा नाही, त्याच्या अधिकाऱ्याचा आहे. त्यात राजाला कोणतेही विशेषण नाही. पुढे सातवाहनांच्या नावामागे नित्य येणारे 'सिरि' हे उपपदही नाही. त्याचा पिता कोण, भाऊ कोण, पुत्र कोण, यांपैकी काहीही सांगितलेले नाही. आणि सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे विभक्ती. लेखात 'कन्हे राजिनि' अशी पदे येतात. संस्कृत व्याकरण शिकलेल्या विद्यार्थ्याला ही रचना लगेच ओळखता येईल. ही सति सप्तमी आहे. क्रियेचा कर्ता महामात्र आहे आणि कर्म लेणे आहे. राजा या वाक्यात कर्ताही नाही आणि कर्मही नाही. तो केवळ काळ आहे. आपण आज एखाद्या पायादगडावर 'अमुक अध्यक्ष असताना' असे लिहितो, त्याच जातीची ही रचना.

म्हणून या लेखावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. सातवाहन हे कुलनाम होते. त्या कुळात कन्ह नावाचा राजा झाला. नाशिकमध्ये त्याचा अंमल मानला जात होता. आणि त्याच्या कारभारात 'महामात्र' हे पद होते. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण हे पद अशोकाच्या लेखांतून आपल्या ओळखीचे आहे. मौर्यांच्या राज्ययंत्रणेतील एक नाव दख्खनमध्ये टिकून राहिल्याची ही खूण आहे. मात्र कन्हाने नाशिक जिंकले, राज्याचा पश्चिमेकडे विस्तार केला, अशी जी विधाने पुस्तकांतून दिसतात, ती लेखात नाहीत. ती लेखावरून केलेली अनुमाने आहेत.

दुसरी संहिता : पुराणे

कन्ह हा सिमुकाचा भाऊ होता, हे आपल्याला केवळ पुराणे सांगतात. मत्स्य, वायू, ब्रह्मांड, विष्णू आणि भागवत या पुराणांत आंध्र राजांची यादी येते. एफ. ई. पार्जिटर यांनी १९१३ साली या याद्यांचे पाठ ताडून एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हापासून अभ्यासकांची सोय झाली. यादीचा आरंभ असा : कण्वांचा शेवटचा राजा सुशर्मा याला दूर सारून पहिला आंध्र राजा सत्ता घेईल आणि तेवीस वर्षे राज्य करील, त्यानंतर त्याचा भाऊ कृष्ण अठरा वर्षे, काही पाठांत दहा वर्षे, आणि त्यानंतर 'त्याचा' पुत्र सातकर्णी.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे काळ. पुराणांतील राजवंश भविष्यकाळात सांगितलेले आहेत. घडून गेलेले राजे 'होतील' असे म्हणून येतात, कारण निवेदनाची भूमिका भविष्यकथनाची आहे. भविष्यकथनाला कारणे द्यावी लागत नाहीत. अमुक नंतर तमुक, इतकी वर्षे, एवढे सांगितले की काम झाले. दुसरी गोष्ट म्हणजे 'तस्य' हे एक सर्वनाम. सातकर्णी 'त्याचा' पुत्र, पण कोणाचा? वाक्यातील निकटतेने पाहिले तर कृष्णाचा. वंशाच्या आरंभपुरुषाकडे पाहिले तर सिमुकाचा. एका षष्ठी विभक्तीवर एका राजाचे पितृत्व अडकून पडले आहे.

या याद्यांची अवस्था काय आहे, हेही विसरता येत नाही. मूळपुरुषाचे नाव कोरीव लेखात स्पष्टपणे 'सिमुक' असे आहे. पुराणांच्या पोथ्यांत त्याचे शिशुक, सिंधुक, शिप्रक असे कितीतरी अवतार झाले. आकड्यांचेही तसेच. मौर्यांची १३७, शुंगांची ११२ आणि कण्वांची ४५ वर्षे ही पुराणांचीच गणना धरली आणि चंद्रगुप्ताचा आरंभ इ.स.पू. ३२१ च्या सुमारास मानला, तर सिमुकाचा काळ इ.स.पू. २७ च्या आसपास येतो. उलट, आंध्रांनी एकूण ४६० वर्षे राज्य केले ही मत्स्यपुराणाची बेरीज धरून वंशाच्या अखेरीपासून, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या पहिल्या चरणापासून, मागे मोजत गेलो तर आपण इ.स.पू. २३५ पाशी, अशोकाच्या मृत्यूच्या जवळपास पोहोचतो. एकाच ग्रंथप्रकारातून निघणाऱ्या दोन उत्तरांत दोनशे वर्षांचे अंतर! कन्ह या दोनशे वर्षांच्या पट्ट्यात कोठेतरी उभा आहे. कारभारातील 'महामात्र' पद पाहिले की तो मौर्यांच्या जवळ सरकतो. अक्षरवटिकेचा नंतरचा काळ मानणारे अभ्यासक त्याला अलीकडे ओढतात.

तिसरी संहिता : नाणेघाट

आता आपण पुणे जिल्ह्यात येऊ. जुन्नरच्या पश्चिमेला, जेथे देश संपतो आणि कोकण सुरू होते, त्या नाणेघाटाच्या माथ्याशी ती प्रसिद्ध गुंफा आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून येणारा माल याच वाटेने जुन्नर आणि पैठणकडे जात असे. विल्यम साईक्स याने १८२८ च्या सुमारास या गुंफेकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखांचे ठसे घेऊन वाचन केले आणि गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३ साली ते सविस्तर प्रसिद्ध केले. डाव्या आणि उजव्या भिंतींवर मिळून वीस ओळींचा मोठा लेख आहे. समोरच्या भिंतीवर एकेकाळी आठ पुरुषभर उंचीच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज प्रतिमा उरल्या नाहीत. पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे उरली आहेत.

नावांचा क्रम असा आहे. प्रथम राजा सिमुक सातवाहन. मग देवी नायनिका आणि राजा सिरि सातकर्णी. मग कुमार भाय. त्यानंतरच्या प्रतिमेचे नाव नष्ट झाले आहे. मग महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि आणि शेवटी कुमार सातवाहन. कन्हाचे नाव नाही.

मोठ्या लेखात एका राणीने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची नोंद आहे. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम अशी यज्ञांची नावे आणि गाई, हत्ती, घोडे, रथ, कार्षापणे यांचे आकडे ओळीने येतात. संख्यालेखनाच्या इतिहासातही हे आकडे मोलाचे मानले जातात. राणी स्वतःची ओळख कशी करून देते, हे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. ती अंगिय कुळातील महारठीची कन्या आहे, दक्षिणापथपतीची भार्या आहे, वेदिसिरीची माता आहे. ती महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी आहे. यावरून ती विधवा असून अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य पाहत होती, असा निष्कर्ष ब्यूलर यांच्यापासून बहुतेक अभ्यासकांनी काढला. यज्ञात पत्नी एकटी यजमान होऊ शकत नाही, तेव्हा हे यज्ञ सातकर्णीच्या हयातीतले आणि त्यांची नोंद मात्र त्याच्या पश्चात केलेली, असे मानणारा पक्षही सयुक्तिक आहे. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे : ही गुंफा पती गेल्यानंतर उभी राहिलेल्या एका राणीची आहे.

संस्कृत नाटकांच्या विद्यार्थ्यांना येथे भासाचे 'प्रतिमानाटक' आठवल्याशिवाय राहणार नाही. आजोळहून परतणारा भरत अयोध्येबाहेरच्या प्रतिमागृहात शिरतो, पूर्वजांच्या प्रतिमा पाहतो, आणि त्यांच्या ओळीत दशरथाची प्रतिमा दिसते तेव्हा पिता आता जिवंत नाही हे त्याला उमगते. प्रतिमांची ओळ ही तेथे वंशावळ असते आणि मृत्यूची वार्ताही असते. नाणेघाटची ओळ तशीच केवळ दिवंगतांची होती काय, हा वाद आहे. कारण तिच्यात कुमारही आहेत. पण ओळीत कोण उभा राहतो आणि कोण राहत नाही यावरून पाहणाऱ्याने काही समजून घ्यायचे असते, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे.

रिकामी जागा आणि आपले काका

कन्ह ओळीत नाही, म्हणून सातकर्णी हा कन्हाचा पुत्र नसून सिमुकाचा पुत्र असला पाहिजे, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले. हे अनुमान विचारार्ह आहे. आपल्या सासऱ्याला वगळून चुलतसासऱ्याला पहिला मान कोण देईल? परंतु या अनुमानाच्या पोटातून लगेच दुसरे अनुमान जन्म घेते. सिमुकाचा पुत्र लहान होता, चुलत्याने गादी बळकावली, पुढे पुतण्याने ती परत मिळवली आणि त्याच्या राणीने त्या चुलत्याचे नाव पुसून टाकले. ही कथा सुबक आहे, आणि वर्गात सांगितली तर विद्यार्थी कान टवकारून ऐकतात.

ती आपल्याला इतकी सहज का सुचते, याचा विचार विशेषतः पुण्यातल्या माणसाने करायला हवा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेव्हापासून 'काका' आणि 'पुतण्या' हे दोन शब्द गादीच्या संदर्भात शेजारी आले की मराठी मन पुढची गोष्ट आपोआप रचते. बखरी, नाटके, कादंबऱ्या यांनी तो साचा पक्का केला आहे. कन्हाच्या नावापुढे आपण नकळत राघोबादादांचे चित्र लावतो. त्याच वाड्याच्या इतिहासात थोरल्या बाजीरावांच्या पाठीशी आयुष्यभर उभे राहिलेले चिमाजीअप्पाही आहेत, याची आठवण मात्र होत नाही. कारण निष्ठेची कथा कारस्थानाच्या कथेइतकी रंगत नाही.

गुंफेकडे पुन्हा पाहिले तर त्या सुबक कथेला तीन अडचणी येतात. पहिली म्हणजे, आठांपैकी एका प्रतिमेचे नाव नष्ट झाले आहे. ती प्रतिमा कुमारांच्या आणि महारठीच्या मध्ये असल्याने ती राजाची असण्याचा संभव कमी, हे खरे. तरीही अपूर्ण यादीतील अनुपस्थितीवर किती भार टाकायचा, याला मर्यादा हवी. दुसरी म्हणजे, 'पुसून टाकले' असे म्हणण्यासाठी आधी लिहिलेले असावे लागते. येथे खोडल्याची खूण नाही. मुळात घेतलेलेच नाही, एवढेच म्हणता येते.

तिसरी अडचण आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. या ओळीत महारठी त्रनकयिर आहे. तो राणीचा पिता असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजवंशाच्या प्रतिमांत राणीच्या माहेरचा पुरुष उभा आहे! म्हणजे ही सातवाहन राजांची क्रमवार यादी नव्हेच. ती एका स्त्रीने, आपल्या मुलांच्या हक्कासाठी, स्वतःला केंद्रस्थानी ठेवून मांडलेली नात्यांची ओळ आहे. कुळाचा मूळपुरुष, पती, पिता आणि मुले. मुलांच्या हक्काला बळ देणारे सारे येथे आहेत. ज्याच्या नावाने हा हक्क वाढत नाही तो येथे नाही. त्यासाठी कन्हाने काही अपराध केलेला असण्याची गरज नाही. थोरल्या पातीचा हक्क सांगायचा असेल तर धाकट्या पातीचे नाव गाळले जाते, हे आपल्याकडच्या वतनांच्या कागदपत्रांत आणि भावकीच्या वंशवृक्षांत सहज पाहायला मिळते.

भावामागून भाऊ

भावानंतर भाऊ गादीवर येणे हे तेव्हाच्या जगात चमत्कारिक होते काय? सातवाहनांचे प्रतिस्पर्धी असलेल्या पश्चिमी क्षत्रपांकडे पाहावे. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या नावाबरोबर पित्याचे नाव येते आणि पुढे पुढे वर्षही येते. त्यामुळे त्यांचा वारसाक्रम बारकाईने लावता आला. पहिल्या रुद्रसिंहाचे तीन पुत्र, पहिला रुद्रसेन, संघदामा आणि दामसेन, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एकामागून एक महाक्षत्रप झाले. भावांची पिढी संपल्यावर मुलांची पाळी, अशी ती रीत दिसते. नाणी नसती आणि केवळ एखादी तुटकी यादी उरली असती, तर तेथेही आपण कारस्थाने शोधली असती.

याहून दूरचे उदाहरण नाईलच्या वरच्या खोऱ्यातील कुश राज्याचे, म्हणजे प्राचीन न्यूबियाचे. इ.स.पू. ६०० च्या सुमारास अस्पेल्ता हा राजा आपला भाऊ अन्लमानी याच्यानंतर गादीवर आला. जेबेल बार्कल येथे त्याने उभारलेल्या शिळेवर त्याच्या निवडीची हकिकत आहे. राजा वारला आहे, सैन्य पवित्र पर्वतापाशी जमले आहे, राजाचे भाऊ अमुन देवापुढे उभे केले जातात, आणि देव अखेर अस्पेल्ताला कौल देतो. आपल्या हक्काच्या पुष्ट्यर्थ तो आईकडच्या स्त्रियांची पिढ्यान्‌पिढ्यांची मालिका सांगतो. पुढे कोणीतरी त्या शिळेवरील त्याचे आणि त्या स्त्रियांची नावे छिन्नीने काढून टाकली. तेथे खोडल्याचे व्रण दिसतात, म्हणून वैराची चर्चा करता येते. नाणेघाटात व्रण नाही. जेथे काढून टाकले आहे आणि जेथे घेतलेलेच नाही, अशा दोन जागांना एकच अर्थ लावणे हे वाचन नव्हे.

या तुलनेतून आणखी एक गोष्ट हाती येते. कुशमध्ये काय किंवा जुन्नरच्या घाटमाथ्यावर काय, वारसा हा आपोआप चालत आलेला दाखवला जात नाही; तो मांडावा लागतो, आणि मांडताना स्त्रियांची नावे कामास येतात. सातवाहनांच्या बाबतीत हे सूत्र पुढेही दिसते. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे राजे धारण करू लागले; त्यामुळे गादी स्त्रीकडून चालत होती असे सिद्ध होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीने कोरवलेला लेख आहे. तेथे ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते, आणि मृत पुत्राचे पराक्रम सांगते. गौतमीपुत्राची जी भव्य प्रतिमा आपल्या मनात आहे, तिचा मोठा भाग त्या मातेच्या शब्दांतून आला आहे. सातकर्णीला नागनिका मिळाली आणि गौतमीपुत्राला बलश्री मिळाली. कन्हाला लेण्याच्या कामावरचा एक महामात्र मिळाला.

कोण टिकले?

एवढी आटापिटा करून मांडलेल्या वारशाचे पुढे काय झाले? नाणेघाटच्या लेखात पुत्र म्हणून वेदिसिरी येतो, सती सिरिमत येतो. प्रतिमांत कुमार भाय, हकुसिरि, सातवाहन येतात. पुराणांची यादी उघडावी, तर सातकर्णीनंतर येतो तो पूर्णोत्संग. वेदिसिरी नाही, हकुसिरि नाही. अभ्यासकांनी नावांची सांगड घालण्याचे प्रयत्न केले. पण सरळ वाचले तर राणीने ज्यांच्यासाठी भिंत कोरवली ते यादीत नाहीत, आणि ज्याला भिंतीवर जागा मिळाली नाही तो कृष्ण आपली अठरा वर्षे घेऊन शांतपणे यादीत बसला आहे.

नाशिकच्या डोंगरावर याला एक पुरवणी आहे. कन्हाच्या लेण्याच्या शेजारी, अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. ते पुरे करविल्याचे श्रेय तेथील लेखात भटपालिका नावाच्या स्त्रीला दिले आहे, आणि ती महाहकुसिरीच्या घराण्याशी आपले नाते सांगते. हा महाहकुसिरी म्हणजे नाणेघाटचा कुमार हकुसिरि असावा, असे मत मांडले गेले आहे. ते खरे असेल, तर घाटमाथ्यावरच्या गुंफेत ज्यांना एकमेकांशेजारी उभे राहता आले नाही, त्या दोन नावांना त्रिरश्मीच्या एकाच कड्यावर शेजार मिळाला.

आणि लोकांच्या स्मृतीत? तेथे तर सारेच विरून गेले. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त सिंहरूपी यक्षावर बसलेले बालक म्हणून राजाला सापडणारा सातवाहन, जिनप्रभसूरींच्या 'विविधतीर्थकल्पा'त पैठणच्या नागाचा पुत्र म्हणून अवतरणारा सातवाहन, आणि पंचांगातल्या शकाला नाव देणारा शालिवाहन. पिढ्यान्‌पिढ्यांचे राजे कथेने एका पुरुषात गोठवले. इसवी सन ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या शकाशी सातवाहनांचा ऐतिहासिक संबंध नसतानाही ते नाव त्याला चिकटले. कथेला वारसाक्रम नको असतो. तिला एक नायक पुरतो. म्हणून कथेत कन्ह नाही, नागनिका नाही, वेदिसिरीही नाही.

वर्गातली एक ओळ

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा यासाठी जी चर्चा झाली, तिच्यात नाणेघाटच्या लेखाचा आणि त्यातील 'महारठी' या शब्दाचा दाखला वारंवार दिला गेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तो दर्जा जाहीर केला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यामुळे या लेखाकडे पाहण्याची आपली दृष्टी एका शब्दापुरती आखूड होऊ नये. लेख किती जुना, हा प्रश्न सिमुक आणि कन्ह यांच्या काळाशी बांधलेला आहे. आणि तो काळ, वर पाहिल्याप्रमाणे, दोनशे वर्षांच्या अंतरात हेलकावतो. ज्या लेखाला आपण आपल्या भाषेच्या प्राचीनतेचा साक्षीदार म्हणून उभे करतो, त्याची संपूर्ण साक्ष ऐकून घेण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

म्हणून टिपणातली ती एक ओळ आम्ही वर्गात अशी लिहून देतो : नाशिकचा लेख कन्हाला सातवाहन कुळातील राजा म्हणतो, पुराणे त्याला सिमुकाचा भाऊ म्हणतात आणि दहा किंवा अठरा वर्षे देतात, नाणेघाटच्या प्रतिमांत, वाचता येणाऱ्या नावांत तो नाही, सातकर्णीचा पिता सिमुक की कन्ह हे या तीन साधनांवरून ठरत नाही. ओळ लांब होते, पाठ करायला अवघड जाते, आणि तिच्यात काका-पुतण्याचे नाट्यही उरत नाही. पण तिच्यात प्रत्येक विधान कोणाच्या तोंडचे आहे हे कळते. विद्यार्थ्याने पुढे नाशिकला जाऊन त्या खिडकीवरची अक्षरे पाहिली, तर त्याला एक राजा कर्तेपणाचा कोणताही आव न आणता, सप्तमी विभक्तीत, दुसऱ्याच्या कामाला आपला काळ देऊन उभा असलेला दिसेल.